पालथं मापटं

"मग या गावात पाहण्यासारखं आहे तरी काय, अप्पा?"

वाकणकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. मठाच्या ओसरीवर महालिंगअप्पा सुंभ वळत बसले होते. आधी दोनदा त्यांनी नुसत्या हसण्यावर भागवलं होतं.

अनिरुद्ध वाकणकर ही काही साधी असामी नव्हे. आडवाटेच्या गावांवर त्यांची सात पुस्तकं. त्यांनी बोट दाखवावं आणि पुढच्या सुट्टीत तिथं गाड्यांची रांग लागावी. आपल्याला न कळलेलं गाव आता उरलेलं नाही, असं ते सांगत, आणि ऐकणारे माना डोलवत.

अप्पांनी उलट विचारलं, तुम्ही काय पाहिलंत?

वाकणकरांनी वही उघडली. बाराच्या एसटीतून उतरल्यापासून दोन तासांत त्यांनी ही धान्याची जुनी पेठ पिंजून काढली होती. तेवीस उंबऱ्यांवर धान्य मोजायचं मापटं पालथं घातलेलं होतं. तेवीसांचेही फोटो काढले. खाली लिहिलं, 'दृष्ट लागू नये म्हणून. प्राचीन प्रथा.'

माणसं चपला हातात घेऊन चालताना दिसली. म्हणजे सगळी पेठच पवित्र मानत असणार. तेही लिहिलं. प्रत्येक दारात उभं राहून "घरात कुणी आहे का?" अशी हाक मारली, पण ओ कुणीच दिली नाही. त्यावर शेरा होता, 'लोक तुसडे.'

अप्पांचे हात थांबले.

"मापटं पालथं म्हंजे घरात कुनीतरी झोपलंय," ते म्हणाले. "आजारी, म्हातारं, बाळंतीण... कुनीबी. ते दिसलं की लोक पायतान हातात घेतेत."

वाकणकरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. डोंगर चढायचे, जाड तळव्यांचे बूट होते ते. पेठेच्या फरशीवर चांगलेच वाजले होते.

"मग मला कुणी थांबवलं का नाही?"

"थांबवायला बोलावं लागलं असतं."

...

तेवीस उंबरे आणि तेवीस हाका. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे वाकणकरांना शाळेपासून पाठ होतं. आज पहिल्यांदा ते स्वतःबद्दल आठवलं. लाज वाटली, आणि ती लपवताही येईना. त्यांनी वहीतलं ते पान आडवं खोडलं.

मग ज्यासाठी आले होते ते बोलले.

सहा महिने झाले, कुठल्याच गावात मन लागत नव्हतं. जावं तिथं नाव आधीच पोचलेलं असायचं. वेशीवर हार, शाळेतल्या मुलांची रांग, आणि दाखवायला नेमकं तेच, जे त्यांच्या पुस्तकात लोकांना आवडलं होतं. लिहिणं बंद पडलं होतं. रात्री छताकडे बघण्यात जात होत्या. अप्पांच्या एका शब्दानं वाट सापडते असं कुणीसं सांगितलं, म्हणून ते न कळवता आले होते.

"अप्पा, मला पुन्हा दिसेल असं काहीतरी द्या. एखादा मंत्र द्या. काहीही द्या."

अप्पा उठले. कोठीतून एक मापटं आणलं आणि मठाच्या उंबऱ्यावर पालथं घातलं. ओसरीवर घोंगडं अंथरलं.

"टेका जरा."

वाकणकर गोंधळले. मठात दोघांशिवाय तिसरं कुणी नव्हतं.

"माझ्यासाठी...?"

अप्पांनी घोंगड्याकडे बोट केलं.

इतक्यात गल्लीतून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आली. तिचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. एका हातानं भारा सावरत ती वाकली, चपला काढून हातात घेतल्या आणि भर उन्हात तापल्या फरशीवरून पुढे गेली. तिनं आत वळूनही पाहिलं नाही.

वाकणकर बूट सोडायला खाली बसले. पण सात पुस्तकांचा अभिमान काही नाडीबरोबर सुटत नाही.

"अप्पा, मी कोण आहे हे तरी त्या बाईंना ठाऊक आहे का?"

अप्पांनी सुंभ पुन्हा हाती घेतला.

"न्हाई," ते म्हणाले. "म्हनून तर झोप लागंल."