पाच तुळया आणि एक पेला

“पण सात वर्षं ह्या लोकांसाठी लढलं कोण, मास्तर? इंग्लंडच ना?”

टोबायस हॅलमने घोड्यावरून उतरता उतरताच विचारलं. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही.

मास्तर ओबद्या पेनिमन ओंडक्यावर बसून लाकडी खुंट्या तासत होते. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतीत, मॅसॅच्युसेट्समधल्या त्या खेड्यात चाळीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं होतं. टोबायस त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि ही गोष्ट टोबायसला फार लहानपणीच कळली होती.

“बस,” मास्तर म्हणाले. “मर्सीबाईचं कोठार उभं करतोय. जुनं जळलं.”

टोबायस बसला नाही. त्याचं डोकं तापलं होतं.

“फ्रेंचांना हाकललं कोणी? राजाने. खजिना रिकामा कोणाचा झाला? राजाचा. आणि आता एवढासा कर लावला, तर लोक ‘आम्हाला न विचारता?’ म्हणत दगड घेऊन रस्त्यावर! केवढासा हो कर! कागदावर एक शिक्का. मृत्युपत्र असो, वर्तमानपत्र असो, पत्त्यांचा जोड असो... दोन-चार पेन्सांचा मामला.”

मास्तरांनी खुंटीवर फुंकर मारली.

टोबायसला घाई होती, आणि तिला कारणही होतं. कराचे ते शिक्क्याचे कागद विकायची नेमणूक त्याच्याच नावाने झाली होती. त्या कागदांच्या पेट्या घेऊन जहाज उद्या सकाळी बंदराला लागणार होतं. पेट्या ताब्यात घेतल्या तर पगार होता, लंडनमध्ये नाव होतं. मात्र गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती. गेल्याच आठवड्यात लोकांनी त्याच्या नावाचं बुजगावणं झाडाला टांगलं होतं. रात्रभर त्याला झोप नव्हती. हे तो कोणाला सांगणार नव्हता.

तेवढ्यात पलीकडून हाक आली.

“अहो हॅलमसाहेब, एक माणूस कमी पडतोय! हात लावता का?”

हाक मारणारा केलेब सुतार, एका पायाने लंगडा. टोबायसने इकडेतिकडे पाहिलं. मग लंडनचा कोट काढला, केसांचा टोप काढून कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि गेला.

एक तुळई उचलली, दुसरी उचलली. तिसरीला तो इतरांच्या बरोबरीने ओरडू लागला. पाचवी जागेवर बसली तेव्हा त्याच्या शर्टाची एक बाही फाटली होती आणि तो चक्क हसत होता.

“ते बुजगावणं तुम्हीच केलंत ना?” त्याने केलेबला विचारलं.

“मीच. नाक जरा मोठं झालं, तेवढं माफ करा.”

“आणि त्याच्या अंगातला कोट कोणाचा होता?”

“माझाच हो! पोरांनी जाळला. बायको अजून बोलत नाही माझ्याशी.”

सगळे हसले. टोबायसही हसला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“तुमचा पाय कसा अधू झाला?”

“फ्रेंचांच्या किल्ल्यावर. राजेसाहेबांचं पत्र आलं होतं, माणसं द्याल का म्हणून. गावाने सभा भरवली. ज्यांना जायचं होतं त्यांनी हात वर केले.” केलेबने मर्सीबाईकडे मान वळवली. “हिच्या नवऱ्याने सगळ्यात आधी केला. तो तिकडेच राहिला.”

मर्सीबाई पाव कापत होती. तिने वर पाहिलं नाही.

टोबायस मुकाट्याने येऊन मास्तरांजवळ बसला. घाम पुसला. पण हुशार माणसाचं एक वाईट असतं, गप्प बसलं तरी त्याचं भांडण आत चालूच राहतं.

“तरीसुद्धा मास्तर...” त्याने सुरुवात केली.

“टोबी, ऊठ,” मास्तर म्हणाले. आवाज एकदम करडा. शाळेतसुद्धा त्याने असा ऐकला नव्हता. “त्या बादलीतलं पेलाभर पाणी केलेबला नेऊन दे.”

“देतो की. जरा दम...”

“दम नाही. आत्ता. उद्या दे, परवा दे, मी पुरे म्हणेपर्यंत रोज येऊन दे. तसं ठरलंय.”

“कोणी ठरवलं?”

“मी. ह्या ओंडक्यावर बसून, तुझ्या वतीने नीट विचार करून ठरवलंय.”

टोबायसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“माझ्या वतीने? मला न विचारता?”

“तुला कशाला विचारायचं? तुला वाचायला कोणी शिकवलं? ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं?”

“म्हणून काय झालं! मी काय तुमचा गडी आहे? नाही देणार!”

तो इतक्या मोठ्याने ओरडला की छिन्न्या-हातोडे थांबले. मर्सीबाईची सुरी पावात तशीच राहिली.

मास्तरांनी बादलीकडे पाहिलं. मग उभ्या राहिलेल्या पाच तुळयांकडे. मग पुन्हा बादलीकडे.

“केवढासा पेला...” ते म्हणाले.



टोबायसचं तोंड उघडं राहिलं होतं. ते त्याने मिटलं. पुन्हा उघडलं. आणि मग त्याला हसू आलं. आधी ओशाळं, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. केलेबला काय झालं ते कळलं नाही, पण तोही हसायला लागला, कारण अशा हसण्यापुढे माणसाचा इलाज नसतो.

हसून झाल्यावर टोबायस मास्तरांसमोर जमिनीवरच बसला, लहानपणी बसायचा तसा. आता त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. भीती होती, आणि ती लपवायचा त्याला कंटाळा आला होता.

“मास्तर, जहाज उद्या सकाळी येतंय. बंदरावर जाऊ की नको? तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते मी डोळे मिटून करीन.”

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. बादलीपर्यंत गेले, पेला भरला, स्वतःच नेऊन केलेबच्या हातात दिला आणि परत आले.

“सांगून पाहिलं रे मघाशी...” ते म्हणाले. “आता विचारतो. उद्या सकाळी छप्पर चढवायचंय. एक माणूस कमी आहे. येशील?”