कानातले बोळे

“गोळी खाऊन कुस्ती मारली तर ती कुस्ती न्हवं का, वस्ताद?”

हिंदुरावचा आवाज चढला होता. जत्रेच्या मैदानात आज गदेची कुस्ती. त्याला वाजतगाजत न्यायला हलगीवाला तालमीच्या दारात वाजवत उभा, आणि हा पठ्ठ्या गुडघा सुजवून बसलेला. दुखणं मात्र गोळ्यांनी पार पळवलं होतं. स्वारी खूश!

ज्ञानू वस्तादांनी हात वर केला. हलगी थांबली.

त्यांनी कापसाचे बोळे करून दोन्ही कानांत कोंबले. मग काही कळायच्या आत हिंदुरावचा हात पिरगळून त्याला मातीत दाबलं.

तालमीची रीत साधी. सोसेना झालं की मातीवर थाप मारायची, समोरच्यानं सोडायचं.

हिंदुरावनं थाप मारली. वस्ताद ढिम्म.

“वस्ताद, बास! हात मोडंल!”

वस्ताद आपले छपराकडं बघतायत… हिंदुरावच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठं पकड सुटली.

“अवो, वरडतोय न्हवं मी!”

वस्तादांनी बोळे काढले. “आसं? मला काय ऐकू आलं न्हाई. वरडून कुनी ऐकंना झालं की कसं वाटतं, ते तुझ्या गुडघ्याला इचार, त्याला म्हाईत आसंल.”

हिंदुराव दंड चोळत उठला आणि पोट दाबून वाकला.

“पोट कसं हाय?”

“जळतंय. परसाकडंला डांबरागत काळं होतंय… पर ते जाऊ द्या.”

वस्तादांचा चेहराच उतरला. “ऊठ. आधी दवाखाना.”

“आन् गदा?”

“ऊठ म्हनतो न्हवं!”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. दोन दुकानांतून आणलेल्या दोन रंगांच्या गोळ्या, त्याही उपाशीपोटी! रंग वेगळे, आत औषध एकच. पोटात जखम होऊन रक्त जात होतं. “अरे, गोळी वाईट नसते. पण विचारून घ्यावी, खाऊन घ्यावी, सांगितली तेवढीच घ्यावी. आज आखाड्यात उतरला असतास तर जिवावर बेतलं असतं.”

गदा दुसऱ्या गावाला गेली. हिंदुराव खाटेवर लहान पोरासारखा रडला.

पुढल्या जत्रेला मात्र त्याच मैदानात त्यानं भल्याथोरल्या गड्याला अस्मान दाखवलं! गुलाल उधळला, फेटे उडाले, हलगी कडाडली. गदा खांद्यावर घेऊन तो वस्तादांच्या पाया पडायला वाकला.

वस्तादांनी हात वर केला. हलगी थांबली. सगळं मैदान श्वास रोखून बघू लागलं.

“गुडघा कसा हाय?”

हिंदुरावनं गुडघा वाकवला, दाबला, जरा थांबला…

“ठणठणीत, वस्ताद.”

“कुनाला इचारून सांगतोस?”

“त्यालाच.”

वस्ताद हलगीवाल्याकडं वळले.

“वाजीव रं! आता वाजीव!”