शिंपल्यातली पेज

विहाराच्या दाराशी आलेल्या एका बाईवरून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. बाईच्या कडेवर दहा वर्षांचा मुलगा होता. त्याची मान ठरत नसे, पाय लुळे होते. तिला नवरा नव्हता. भिक्षूंनी तिच्यापुढे जेवणाचे पान ठेवले आणि ते धर्मसभेत येऊन बोलत बसले. एक म्हणाला, "धन्य ती माउली!" दुसरा म्हणाला, "पण मागच्या जन्मी या पोराने काय पाप केलं असेल?" शास्ते आत आले. त्यांनी दाराकडे पाहिले, भिक्षूंकडे पाहिले आणि म्हणाले, "मागचा जन्मच ऐकायचा आहे ना? मग ऐका." आणि त्यांनी गतकाळ सांगितला.

पूर्वी शंखपूर नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. नाव श्रुतसेन. नगरात त्यांच्या शहाणपणाचा मोठा लौकिक होता.

त्याच नगरात भद्रिका नावाची बुरूडीण टोपल्या विणून पोट भरीत असे. तिची मुलगी रेवा जन्मापासून चालत नव्हती, बोलत नव्हती, आणि अन्न गिळणे हेही तिला सहज येत नव्हते. रेवा दोन वर्षांची असताना बाप व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर गेला आणि दुसऱ्या नगरात त्याने दुसरा संसार थाटला. हे सगळ्यांना ठाऊक होते, भद्रिकेलाही. ती त्याबद्दल कधी बोलत नसे.

रेवाला भरवणे ही एक विद्याच होती. डोके डाव्या दंडावर घ्यायचे, हनुवटी किंचित छातीकडे, आणि शिंपल्याने तांदळाची पेज उजव्या गालात थेंब थेंब सोडायची. घसा हलला की पुढचा थेंब. घाई केली की ठसका, आणि ठसका लागला की जीव जायची वेळ. एक वाटी पेज संपायला दोन घटका लागत. दिवसातून चार वेळा, बारा वर्षे, हे एकट्या भद्रिकेने केले.

एके दिवशी भद्रिकेच्या खोकल्यातून रक्त पडले. ती मुलीला पाठीशी बांधून राजसभेत गेली. "महाराज, मला धनधान्य नको. एक माणूस द्या. हिला कसं भरवायचं ते मी शिकवीन," ती म्हणाली. बोलता बोलता तिने पदराने मुलीची लाळ पुसली. "माझ्यानंतर कोणाला तरी आलं पाहिजे, एवढंच."

राजाचे डोळे भरून आले. त्याने अमात्यांकडे पाहिले. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, अशी माता म्हणजे नगराचं भूषण. दर कार्तिकी पौर्णिमेला सगळ्या नगराने हिचे पाय धुवावेत." सभेने माना डोलावल्या. भद्रिकेने काय मागितले होते, ते कोणाच्याच लक्षात राहिले नाही. बुद्धपदाकडे नेणाऱ्या सद्गुणांच्या पारमिता पुऱ्या होईपर्यंत बोधिसत्त्वही चुकतात, आणि ही चूक साधी नव्हती.

मग दर कार्तिकी पौर्णिमेला तिला पाटावर बसवीत, पाय धूत, फुले वाहत. मांडीवरच्या रेवाला मात्र कोणी बोट लावीत नसे. मागच्या जन्मीचे पाप अंगाला लागेल, ही धास्ती. पाय धुणाऱ्या प्रत्येकीला भद्रिका म्हणे, "एकदा घरी ये ना. कसं भरवते ते बघून जा." आणि जी ती म्हणे, "तुझ्याइतकं कोणाला जमणार, बाई! तू देवी आहेस." लोक मोठे हुशार असतात. एकदा एखादीला देवी म्हटले की तिच्या घरी पाणी भरायला जावे लागत नाही.

पाचव्या वर्षी पहिले पाय अमात्यांनी धुतले. पाण्यातही ते पाय तापलेले होते, भेगांतून रक्त येत होते. बोधिसत्त्वांनी वर पाहिले. या बाईकडे आपण इतक्या वर्षांत नीट पाहिलेसुद्धा नाही, हे त्यांना तेव्हा कळले, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"बाई, तुला बरं नाही."

"मी चालले, अमात्य," भद्रिका म्हणाली. "माझ्या मरणाचं मला काही नाही. पण मी गेले की ही उपाशी मरेल. घरोघरी चुली पेटलेल्या असतील, आणि माझी पोर भुकेने मरेल."

बोधिसत्त्वांनी पूजेचे तबक बाजूला ठेवले. रेवाला उचलून घेतले आणि ते भद्रिकेच्या मागोमाग तिच्या झोपडीत गेले.

पहिल्या दिवशी रेवाने दात घट्ट आवळले. परक्या हाताचा वास तिला चालेना. दुसऱ्या दिवशी थेंब चुकला. ठसका लागून पोरीचे ओठ निळे पडले. भद्रिका अंथरुणातून सरपटत आली, तिला पालथी करून पाठीवर थापट्या मारल्या आणि तिथेच कोसळली. बोधिसत्त्व रडू लागले. ज्यांनी दोन राज्यांतले तह जुळवले होते, त्यांना एक घोट जुळवता येत नव्हता.

"मला नाही जमत, बाई."

"मला तरी कुठे जमत होतं? मला हिनेच शिकवलं. उद्या पुन्हा बसा."

तिसऱ्या दिवशीही रेवा आईच्याच हाताने जेवली. चौथ्या दिवशी सकाळी भद्रिकेला हात उचलवेना. ती कुशीवर वळून पाहत राहिली. बोधिसत्त्वांनी शिंपला भरला, ओठांशी नेला. रेवाने तोंड फिरवले आणि आईकडे पाहिले. किती तरी वेळ ती पाहतच राहिली. भद्रिकेचे डोळेही मुलीच्या घशावरच होते. घसा हलला नाही. तसेच पाहता पाहता ते डोळे थिजले. शिंपला भरलेलाच होता.

दुपारपर्यंत सगळे नगर लोटले. तिरडीला खांदा द्यायला माणसांची रेटारेटी झाली. बारा आणि पाच, सतरा वर्षे ज्या पोरीला एक हात मिळाला नाही, तिच्या आईला खांदे मात्र शंभर मिळाले. बोधिसत्त्व उठले नाहीत. ते आत रेवाला दंडावर घेऊन बसून होते.

दिवस कलला तेव्हा भुकेने व्याकूळ झालेल्या पोरीने तोंड उघडले. त्यांनी उजव्या गालात एक थेंब सोडला. घसा हलला.

"बाई, गिळलं! गिळलं तिने!" असे म्हणत बोधिसत्त्वांनी मागे वळून पाहिले. अंथरूण रिकामे होते.

त्यांनी अमात्यपद सोडले आणि रेवा जगली ती नऊ वर्षे तिला भरवले. कार्तिकी पौर्णिमेची पाद्यपूजा त्यांनी बंद करवली. त्या दिवशी ज्याला भरवायला शिकायचे असेल त्याने यावे, अशी दवंडी दिली. पहिल्या वर्षी तिघे आले. दुसऱ्या वर्षी एक.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो अमात्य मी होतो. पाय धुऊन घरी जाणारे ते नगरवासी तुम्ही होता."

एका तरुण भिक्षूने विचारले, "आणि भद्रिका, भगवन्?"

"ती दाराशी उभी आहे. रेवा तिच्या कडेवर आहे." शास्ते पुन्हा सगळ्या भिक्षूंकडे वळले. "दुसऱ्याचा भार असा आपल्या हातांनी उचलणे, याला करुणा पारमिता म्हणतात. त्या जन्मी ती माझ्याकडून उशिरा घडली. आईच्या डोळ्यांदेखत घडली नाही. ते उणेपण अजून भरून निघालेले नाही."

तेव्हा एक म्हातारा भिक्षू काठी टेकत उठला आणि दाराशी गेला. जेवणाचे पान जसेच्या तसे पडले होते. अन्नावर माश्या बसल्या होत्या. दोन्ही हात मुलाला सावरण्यात गुंतलेले, तिने खावे कसे?

"बाई," तो म्हणाला, "तुझं जेवण होईपर्यंत याला मी घेतो. कसं धरायचं, तेवढं दाखव."

बाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याने काय विचारले, हे तिला आधी कळलेच नाही.