हाकललेली मरळ

“मग मेल्या कशा, बाबा? एकीलाही मी उपाशी ठेवलं नाही. मग मेल्या कशा?”

चैतरामचा आवाज चिरकला. मठाच्या तळ्यावर सकाळी सकाळी मेलेल्या मासोळ्यांचा पांढरा थर तरंगत होता. जिवंत होत्या त्या पाण्याबाहेर तोंडं काढून हवा गिळत होत्या. पाणी हिरवं, दाट झालेलं, आणि त्याला वास मारत होता. अख्खं गाव हेच पाणी प्यायचं.

पायरीवर बसलेल्या आडकूबाबांनी कडुनिंबाची काडी तोंडातून काढली.

या मठाची एक रीत होती. येणाऱ्यानं नारळ फोडायचा नाही, तळ्यातल्या मासोळ्यांना मूठभर मुरमुरे टाकायचे. गळ नाही, जाळं नाही. पण तळ्यात मरळी होत्या, लांबड्या, काळपट, आणि त्या लहान मासोळ्या मटकावायच्या. नवा शिष्य झालेल्या चैतरामला ते काही बघवेना. एका उन्हाळ्यात, पाणी आटलेलं पाहून, तो चिखलात उतरला, झाडून साऱ्या मरळी पकडल्या आणि नदीच्या डोहात सोडून आला.

बाबांनी त्याला अडवलं नव्हतं. गावानं मात्र त्याला डोक्यावर घेतलं. ‘मासोळ्यांची माय’ म्हणू लागले लोक, आणि खोटं कशाला बोला, गड्याला ते भारी आवडायचं.

तळं मासोळ्यांनी नुसतं खदखदू लागलं. लोक लांबून बघायला येत. मुठीच्या जागी पोती आणत.

“दुसरं तळं खोदू या, बाबा,” मेलेल्या मासोळ्यांकडे बघत चैतराम म्हणाला. “अर्ध्या तिकडं नेऊ.”

“खोद की. आणि ते भरलं की?”

“तिसरं...”

“आणि जमीन संपली की मला खांद्यावर घेऊन उभा राहा.”

चैतरामची मान खाली गेली.

“घागर घे,” बाबा म्हणाले. “तुझ्या मरळींना भेटून ये. आणि येताना दोन घेऊन ये.”

“बाबा! माझ्या हातानं?”

“नेल्या कुणाच्या हातानं होत्या?”

घागर घेऊन तो नदीकडे निघाला. साऱ्या खादाड मरळी एकाच डोहात सोडलेल्या. तिथं आता दुसरा जीव औषधालाही उरला नसणार, याची त्याला खात्रीच होती.

काठावर येऊन तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

पाणी इतकं नितळ की तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. शेवाळात झिंगे फिरत होते. मासोळ्यांच्या झुंडीच्या झुंडी, अंगानं भरलेल्या, चकचकीत. आणि मधोमध, कुणी कुंकू सांडावं तसा, इवल्या लाल पिल्लांचा एक पुंजका. त्याच्याखाली एक मरळ, पिल्लं सरकतील तशी सरकत, राखण करत असलेली.

जिला तो खुनी म्हणायचा, तीच ती.

“आई गं...” तो मोठ्यानं म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि का आलं ते त्याला सांगता आलं नसतं. घागर बाजूला ठेवून तो कितीतरी वेळ नुसता बघत बसला. पिल्लांच्या राखणीला असलेल्या मरळीला त्यानं हात लावला नाही. पलीकडच्या दोन धरल्या.

परत येऊन त्यानं घागर तळ्यात ओतली. दोन काळ्या सावल्या हिरव्या पाण्यात शिरल्या.

“काय पाहिलंस?”

“मरळ नुसती वळली, बाबा, तरी तिथल्या मासोळ्या वीज चमकावी तशा पळतात. आपल्या तर पळणंच विसरल्यात.”

“तिथल्यांना पळायला कुणी शिकवलं?”

“...मरळीनं.”

बाबा हसले. चैतराम मात्र हसला नाही. येताना वाटेत एक विचार त्याच्या मानगुटीवर बसला होता आणि उतरत नव्हता.

“बाबा, माझ्या आजीची चार लेकरं पटकीनं गेली. तेव्हा घरोघरी तेच. ती मरळ माणसानं हाकलली. वाईट केलं का?”

“वाईट कसलं? फार चांगलं केलं.”

“मग आता गाव डोंगराला जाऊन टेकलं. रान गेलं, नदीकाठ गेला, अजून घरं वाढतातच आहेत. आपलंही या तळ्यासारखंच... आपल्यात कुणी मरळ परत सोडायची, बाबा?”

पायरीवर कुणा भाविकानं आणलेलं मुरमुऱ्यांचं पोतं होतं. बाबांनी त्यात हात घातला, मूठभर मुरमुरे घेऊन हात पाण्यावर धरला. मासोळ्या उसळल्या. एकीवर एक, शेकडो तोंडं उघडी.

बाबांचा हात तसाच राहिला. मग बोटं हळूहळू मिटली. मूठ पोत्यात परत गेली, रिकामी होऊन बाहेर आली.

“माशाला मूठ मिटता येत नाही, चैत्या. माणसाला येते.”