पाठीमागून मारलेली हाक

एकदा एक वृद्ध गुरुजी शिष्यासह नदीकाठच्या गावी मुक्कामाला होते. त्या गावच्या शाळेने सांगून ठेवले होते, की ज्या मुलांना वाचता येत नाही ती यापुढे वेगळ्या खोलीत बसतील. त्या खोलीत गेलेले लेकरू पुन्हा वर्गात येत नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक होते.

दोन आया गुरुजींकडे आल्या. एक वाण्याची सून, दुसरी पालावरची घिसाडीण, लोखंड ठोकून विळे-खुरपी करणाऱ्यांतली. दोघींची लेकरं वाचनात अडलेली. वाणीण म्हणाली, मुलाला दृष्ट लागलीय, दुसरं काही नाही. घिसाडीण म्हणाली, आमच्या पोरीत, जमनीत, खोट नाही, पालावरची म्हणून तिला ढ ठरवतात.

गुरुजींनी वाणिणीचा मुलगा घिसाडणीच्या हाती दिला, जमनीला वाणिणीजवळ बसवले आणि संध्याकाळपर्यंत सांभाळा म्हणाले. शिष्याला काही उमगेना.

"पोरीच्या अंगाला कोळसा आहे बाई, लुगडं सांभाळा," घिसाडीण म्हणाली. वाणिणीने पोरीला जवळ ओढले.

संध्याकाळी वाणीण कचरत बोलली, "रागावू नका. हिला पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. तोंडाकडे बघू दिलं की सगळं कळतं."

घिसाडीण हसली. "ऐरणीशी वाढलेलं लेकरू ते. घण चालू असला की आम्ही हाक मारतच नाही, खांद्याला हात लावतो." बोलता बोलता तिचे हसू मावळले. हाताने बोलावणाऱ्या घरात पोरीच्या कानांचे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

मग ती हळूच म्हणाली, "तुमचा लेक धडा घडाघडा म्हणतो. मी पुस्तक उलटं धरलं, तरी म्हणतच राहिला."

वाणिणीने पदर तोंडाला लावला. लेकाला वाचता येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून तिनेच तो धडा पाठ करून घेतला होता.

शिष्याने विचारले, "गुरुजी, एकीला आधी दिसलं नाही, दुसरीने दिसलेलं झाकलं. असं का?"

"आपल्या लेकराकडे आई भीतीच्या आडून बघते. दुसऱ्याच्या लेकरापुढे तो आडपडदा नसतो."

"पण आता कळल्यावर तिला त्या खोलीतच टाकतील की," घिसाडीण म्हणाली.

"तुझी भीती खोटी नाही, बाई. म्हणून तर आधी तुम्हाला दाखवलं. अडचण आईला आधी कळली, तर ती लेकरासाठी जागा मागते. गावाला आधी कळली, तर गाव लेकराला नाव ठेवतं."

सकाळी दोघी मिळून शाळेकडे निघाल्या, जमनीसाठी शिकवणाऱ्या बाईंच्या समोरची जागा मागायला आणि मुलाला अक्षरं पहिल्यापासून शिकवा म्हणायला. जमनी पुढे चालत होती. आईने एकदा पाठीमागून हाक मारून पाहिली. पोर वळली नाही. आईचे पाय तिथेच थांबले. तेव्हा वाणीण झपझप पुढे गेली आणि तिने जमनीच्या खांद्याला हात लावला.

आपल्या लेकराला पाठीमागून हाक मारून बघायला छाती लागते. एकटीला होत नसेल तर शेजारणीला सोबत घ्यावे.