कासवीच्या खड्ड्याची राखण

पूर्वी शूर्पारकाच्या गादीवर भोगवर्मा नावाचा राजा असताना बोधिसत्त्व त्या नगरातल्या एका विद्वान कुळात जन्मले. तक्षशिलेहून विद्या शिकून परतल्यावर राजाने त्यांना राजपुत्रांचे गुरू व्हा म्हणून बोलावले. बोधिसत्त्वांनी हात जोडून नकार दिला आणि समुद्राकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत झोपडी बांधली. नगराने त्यांना वेड्यात काढले. ते मात्र वस्तीतली शेंबडी पोरे गोळा करून ओल्या वाळूत बसत आणि शिंपल्यातला जीव, भरती-ओहोटी, खाजणातली खेकडी, जे समोर दिसेल ते शिकवत. पोरांनाही त्यांचा इतका लळा लागला की आया जेवायला हाका मारमारून थकत.

त्या वस्तीची एक जुनी रीत होती. थंडी सरता सरता कासवी पुळणीवर येऊन अंडी घालत, आणि त्यांचा माग काढायला पोरांनाच धाडले जाई, कारण पोरांची नजर तीक्ष्ण. खड्डा सापडला की उकरायचा आणि अंडी टोपल्यांत भरून बाजाराला पाठवायची. आजे-पणजे सांगत की पूर्वी कासवींना पुळण पुरत नसे. त्या वर्षी सगळ्या हंगामात एकच खड्डा सापडला.

बोधिसत्त्व वस्तीचा नायक दामक याच्याकडे गेले आणि तेवढा खड्डा न उकरता राखायला पोरांसाठी मागितला. दामक कठोर होता, पण शब्दाचा पक्का.

"घ्या गुरुजी," तो म्हणाला. "पिल्लं निघून पाण्यात गेली, तर यापुढं या पुळणीवर कुणी खड्डा उकरणार नाही, अशी गावाला शपथ घालतो. नाही निघाली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

बोधिसत्त्वांनी पोरांना खड्ड्याभोवती बसवले. ते म्हणाले, "कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते असे लोक म्हणतात. पण ही तर मागे वळूनही न पाहता गेली. आता यांची आई तुम्ही."

पोरांचे डोळे भरून आले. बोधिसत्त्वांना आपले ते वाक्य फार आवडले. पुढे जन्मभर त्यांना त्याच वाक्याची लाज वाटली.

पोरांनी पाळ्या लावून, डोळ्यांत तेल घालून खड्डा राखला. कोल्ही हाकलली, कुत्री हाकलली, टोपली घेऊन आलेल्या थोरल्या भावांनाही दगड दाखवले. पहाटेची पाळी कण्हा नावाच्या सात वर्षांच्या पोरीची असे. तेव्हा बाकीची पोरे होड्या ओढायला जात, म्हणून ती एकटीच असायची. तिला आईबाप नव्हते. काकाकाकूंनी तिला वाढवले होते, आणि काका दुसऱ्याच्या होडीवर जाळे ओढून घर चालवत होता.

पिल्ले निघायची ती पन्नास-पंचावन्न दिवसांत. पन्नास दिवस गेले, पंचावन्न गेले. साठाव्या दिवशी वाळू हलली नाही तेव्हा बोधिसत्त्वांना राहवेना. ते उजाडता उजाडता पुळणीवर गेले. पाहतात तो कण्हा कोपरापर्यंत हात खड्ड्यात घालून बसलेली. शेजारी अंडी हारीने मांडलेली.

"काय करतेस ग, बाळ?"

"फिरवते," ती म्हणाली. "आमची खुडूक कोंबडी मेली तेव्हा काकूनं अंडी कोंड्यात ठेवली होती. रोज फिरवायची ती. नाही फिरवलं तर पिल्लू एका अंगाला चिकटतं. यांना तर आईच नाही."

"कधीपासून फिरवतेस?"

"पहिल्या दिवसापासून. एक दिवस चुकवला नाही, गुरुजी."

 म्हातारे कोळी बोधिसत्त्वांना कधीच सांगून गेले होते: कोंबडीचे अंडे फिरवावे लागते, पण कासवीचे एकदा वाळूत पडले की हलवू नये, आतला जीव कवचाला वरून धरून असतो, उलटला की गुदमरतो. हे त्यांना पाठ होते. पोरांना एवढे कशाला, असे म्हणून त्यांनी ते सांगितले नव्हते. पोर अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली होती, आणि हळकुंड मोडून अर्धे हातात देणारे तेच होते.

त्यांनी तिच्याबरोबर अंडी पुन्हा वाळूत ठेवली. तिला काही सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

पाच दिवसांनी दामक गाव घेऊन आला आणि त्याने खड्डा उघडला. अंड्यांत नखाएवढी, डोळे न उघडलेली पिल्ले मरून पडली होती. पोरे रडू लागली.

दामकने अंडी निरखली; ती पडली तशी नव्हती, कुणीतरी हारीने लावलेली होती. "यांना हात लागलाय," तो म्हणाला. "गुरुजी, कुणाचा ते सांगा. नाव कळलं तर दोष अंड्यांचा धरणार नाही, माझा शब्द पुढल्या हंगामातल्या खड्ड्यालाही लागू राहील. पण गावानं दिलेली राखण ज्यानं बुडवली, त्याच्या घरच्या माणसाला इथं कुणी होडीवर घेणार नाही. रीत आहे ती."

 एका नावाने कासवींचे पुढचे सगळे खड्डे वाचवायची आणखी एक संधी मिळणार होती. कण्हा काकाचे बोट धरून उभी होती, आणि तिला अजून काहीच उमगले नव्हते.

बोधिसत्त्व म्हणाले, "हात कुणाचा ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. त्या हाताला मीच शिकवले आणि अर्धेच शिकवले. दोष माझा. शिक्षा मला कर."

"तुम्हाला ना होडी ना जाळं," दामक म्हणाला. "तुमचं काय काढून घेऊ? माझा शब्द तेवढा काढून घेतो."

दुसऱ्या दिवशी कण्हा झोपडीशी आली. "गुरुजी, मी फिरवली म्हणून मेली का?"

खोटे बोलणे सोपे होते. बोधिसत्त्वांनी तिला जवळ घेतले आणि म्हणाले, "हो. आणि फिरवू नकोस, हे मी तुला सांगितले नव्हते."

ती रडली नाही. बराच वेळ आपल्या तळहातांकडे पाहत बसली. ते पाहून बोधिसत्त्वच रडले.

पुढच्या वर्षी पोरे पुन्हा टोपल्या घेऊन निघाली. काही हंगाम एकदोन खड्डे लागले, मग तेही लागेनासे झाले. बोधिसत्त्व म्हातारे होईपर्यंत शिकवत राहिले, पण कासवी कशी असते हे त्यांना वाळूत रेघा ओढून दाखवावे लागे.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा भिक्षुसंघाला सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा दामक म्हणजे आजचा स्थविर गोदत्त. कण्हा म्हणजे ही वृद्ध भिक्षुणी कण्णिका. आणि तो गुरू म्हणजे मी."

कण्णिकेने हात चीवरात ओढून घेतले. एका लहान श्रामणेराने विचारले, "आणि ती पिल्ले, भगवन्? ती आज कोण आहेत?"



"ती जन्मलीच नाहीत," शास्ते म्हणाले. "जवळ घेणे ही करुणा, हे सर्वांना कळते. हात आवरून बसणे हीसुद्धा करुणाच आहे. ती मी त्या जन्मी उशिरा शिकवली."