दोन डबे, एक जौनपुरी

“...ते सगळं खरं बुवा, पण या दोघांतला घ्यायचा कुठला?”

श्रीरंग दाबकेनं पुन्हा तेच विचारलं. भार्गवबुवा चहा बशीत ओतत होते. त्यांना काही घाई नव्हती.

बुवा म्हणजे हरिपूरचे जुने गवई. श्रीरंग लहानपणी त्यांच्याकडे गाणं शिकला, मग इंजिनिअर झाला आणि गाणं सुटलं. ऐकण्याचा नाद तेवढा राहिला, आणि आता त्या नादाचं पार खूळ झालं होतं. रविवारी सकाळी बुवांना गाडीत घालून सांगलीला घरी आणलं, ते या खुळापायीच.

टेबलावर व्हॉल्व्हचे दोन प्रीअ‍ॅम्प मांडले होते. तबकडीवरून सुई जो बारीकसा आवाज उचलते, त्याला बळ देऊन पुढच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे धाडणारे हे डबे. एक काळा, एक लाकडी. दोन्ही खिशाला झेपणारे. महागाच्या वाटेला हेमांगीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला जाऊच दिलं नव्हतं. दुकानदारानं दोन्ही बघायला म्हणून दिले होते, आणि संध्याकाळपर्यंत एक परत करायचा होता.

श्रीरंग सांगत सुटला. काळ्यात तंबोरा कसा स्वच्छ येतो, लाकडीत खर्ज कसा भरदार लागतो, अमका मित्र काय म्हणतो, परदेशातले जाणकार काय म्हणतात. कानाच्या बाबतीत आपला हात धरणारा सांगलीत कुणी नाही, अशी त्याची खात्री होती, आणि ती तो लपवतही नसे.

बुवांनी बशी रिकामी केली.

“गाणं ऐकून अंगावर काटा शेवटचा कधी आला?”

श्रीरंगनं मनात हिशेब केला. खरं सांगायचं तर... वर्ष होऊन गेलं होतं. हेच तर दुखणं होतं त्याचं. योग्य डबा मिळाला की ते परत येईल, या आशेवर तो डब्यामागून डबे घरी आणत होता आणि परत करत होता. बिघाड डब्यात नसून आपल्यातच असला तर, ही धास्ती मात्र जात नव्हती.

हे काही तो बुवांना बोलला नाही. म्हणाला, “म्हणून तर विचारतोय.”

“बरं. लाव.”

त्यानं जौनपुरी रागाची तबकडी लावली. गाणाऱ्या बाईंनी थोडका आलाप घेतला, तबला लागला, बंदिशीचा मुखडा उचलला... आणि सम येते न येते तोच श्रीरंगनं झटकन सुई उचलली, तारा बदलल्या आणि सुई परत सुरुवातीला ठेवली. आता दुसरा डबा. पुन्हा आलाप, पुन्हा मुखडा, पुन्हा सुई वर. मग परत पहिला, परत दुसरा. बुवा नुसते बघत राहिले.

“पुढं काय करतात या बाई?”

“पुढं म्हणजे?”

“अंतऱ्यात.”

ही तबकडी श्रीरंगनं किती वेळा लावली असेल याला सुमार नव्हता. पण अंतरा... अंतरा काही आठवेना. तुलना करायला एवढा तुकडा पुरतो, असं तो पुटपुटला.

“जेवतानाही भात कालवून उठतोस का रे?” बुवा मिस्कील हसले. “लाव पुन्हा. डबा कुठलाही.”

तबला लागला. मुखडा आला. सवयीनं श्रीरंगचा हात सुईकडे निघाला, तो बुवांनी मधेच धरला. ओढून आपल्या मांडीवर ठेवला आणि त्याच हातानं ताल द्यायला लागले, पोरांना शिकवताना देतात तसा. पन्नाशीच्या इंजिनिअरचा हात, पण बुवांना त्याचं काय...

सम आली. बुवांनी तो हात थापकन मांडीवर आपटला आणि मान डोलावली.

मग गाणं पुढं गेलं. या घरात ते इतकं पुढं कधी गेलंच नव्हतं. अंतऱ्यात बाई वरच्या षड्जावर पोचल्या आणि अशा काही थांबल्या, की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायचंही सुचू नये. आणि तिथून एक तान, शाळा सुटलेल्या पोरीसारखी, धावत खाली आली.

श्रीरंगच्या अंगावर सरसरून काटा आला. तो मोठ्यानं हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. काय विचारता त्याचा आनंद! हेमांगी पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. तबकडी संपेपर्यंत ती तिथंच होती.

बाजू संपली. सुई खरखरत राहिली. कुणीच उठलं नाही.

“रंग्या,” बुवा म्हणाले, “आत्ता वाजला तो डबा कुठला?”

श्रीरंग टेबलाकडे मान वळवायला गेला. बुवांनी त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला.

“न बघता.”

तो आठवू लागला. काळा?... लाकडी?... त्याला पुन्हा हसू फुटलं.

“नाही सांगता येत, बुवा.”

“मग तोच घे.”